कवितेआधीचा श्वास

१६ जानेवारी, शुक्रवार

कविता सुरू होण्याआधी अख्खा वर्ग एकदम श्वास घेतो. त्या श्वासाला आवाज असतो. कडब्याच्या गंजीवरून झुळूक जावी तसा, पण ओला. पोरं लाजू नयेत म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उभा राहायचो आणि तो आवाज माझ्या मानेवर येऊन बसायचा. मग शिवकन्या पहिली ओळ उचलायची. एका पायावर दुसरा पाय ठेवून, बगळ्यासारखी उभी राहून. आणि बाकीचा वर्ग मागून तुटून पडायचा.

सांग सिंदफणे, निघालीस कोठे?
काठाचे गोटे झाले गं मोठे.
जाशील तेथून निरोप धाड,
शाळेच्या दारी लिंबाचे झाड.

पुस्तकातली नव्हे. पुस्तकातल्या साऱ्या संपल्या की शनिवारी म्हणायला गावच्या नदीवर मीच बांधलेली. एक-दोन ठिकाणी लंगडते, पण पोरांच्या तोंडी कधी लंगडली नाही.

आज पहाटे त्या श्वासाने जाग आली. उठून बसलो, कान दिला. काही नाही. हल्ली पहाट फार मुकी झाली आहे. दारातल्या लिंबावर पूर्वी चिमण्यांचा बाजार भरायचा, यंदा एकही आली नाही. बायकोला, जानकीला, तसं म्हटलं, तर अंगणात बघत ती म्हणाली, "हायेत की. ढीगभर हायेत." बिचारी. म्हातारपणी माणूस पूर्वीचंच बघत राहतं.

दसरा झाला की आमच्या शिरूरला ट्रॅक्टर यायचे आणि निम्मा वर्ग आईबापाबरोबर ऊस तोडायला जायचा. मागे उरलेल्या पोरांना कविता म्हणायला सांगावी, तर त्यांचा आवाज भिंतीला लागून परत यायचा. म्हणून एका वर्षी दसऱ्याच्या आधी शेजारच्या आप्पारावचा टेपरेकॉर्डर शाळेत नेला आणि भरल्या वर्गाची कविता भरून घेतली. मग हिवाळाभर टेबलावर टेप लावायचा. बाकांवर मोजकी पोरं, पण कविता सगळ्यांची. आहेत ती नसलेल्यांच्या आवाजात आवाज मिसळायची. खिडकीतून ऊन आत यायचं, खडूची धूळ त्यात तरंगायची, आणि डोळे मिटले की कुणी कुठं गेलेलंच नसायचं.

तो आवाज मरायच्या आत पुन्हा एकदा ऐकायचा आहे. पहिल्या श्वासासकट. बाकी काही इच्छा उरली आहे असं वाटत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

कॅसेट केव्हाच गेली. एका स्नेहसंमेलनाला दिली होती, ती परत आली कुणाच्या तरी वरातीचा बँड पोटात घेऊन. नशीब, त्याआधी प्रविणने ती सीडीवर उतरवून ठेवली होती. प्रविण माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. तेव्हा इंजिनिअरिंग शिकत होता, आता पुण्यात कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप मला देऊन गेला आणि सीडीतलं सगळं त्यात भरून गेला.

पण वाजत नाही. त्याने कॉलेजात असताना आवाज दाबून बसवायची स्वतःची एक तऱ्हा काढली होती, आणि ती उलगडणारा प्रोग्रामही स्वतःच लिहिला होता. तो प्रोग्राम आजच्या यंत्रावर चालत नाही. त्याचं मूळ लिखाण, ज्याला सोर्स कोड म्हणतात, ते मात्र शाबूत आहे. त्यावरून तो नव्याने बांधून काढायचा.

प्रविण फोनवर म्हणाला, "गुरुजी, ती फाईल पाठवा, संध्याकाळपर्यंत करून देतो."

मी म्हणालो, "तुझी गणितं मी कधी सोडवून दिली होती का रे?"

तो हसला असावा. "बरं. मग मीबी उत्तर सांगनार न्हाई. खुणा सांगीन."

आज पहिली खूण मिळाली. काळ्या पडद्यावर 'मेक' असं टाइप करून एंटर मारायचं. मारलं. ओळींच्या ओळी धावल्या आणि खाली लाल अक्षरांत एकच तक्रार, पुन्हा पुन्हा: अनडिफाइन्ड रेफरन्स. अमक्याचा उल्लेख आहे, पण हा अमका कोण ते ठाऊक नाही.

बराच वेळ बघत बसलो. मला तो पडदा ओळखीचा वाटला.

२२ जानेवारी

प्रविणने समजावलं ते असं. कोणताही प्रोग्राम एकट्याने सगळं करत नाही. आवाज उलगडायचं काम एका लायब्ररीकडे, तो स्पीकरला द्यायचं दुसरीकडे. लायब्ररी म्हणजे मला आपलं वाचनालयच दिसतं, पिवळा बल्ब आणि बांधणी सुटलेली पुस्तकं. तसं नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम. शेवटी लिंकर नावाचा एक जण येतो आणि प्रोग्रामने ज्याचं ज्याचं नाव घेतलं आहे त्याला शोधून जोडून देतो.

म्हणजे हजेरी! लिंकर खुर्चीत बसून नावं पुकारतो. हजर म्हणणारा सापडला तर ठीक. नाही तर अनडिफाइन्ड रेफरन्स.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी अशीच हजेरी घ्यायचो. नाव घ्यायचं, थांबायचं. खिडकीबाहेर लिंब सळसळायचा. पुढचं नाव.

तेव्हा ज्या नावांना उत्तर येत नाही ती कुठल्या लायब्ररीत आहेत ते शोधायचं आणि जोडणीच्या ओळीत त्या लायब्ररीचं नाव घालायचं. एवढंच.

२५ जानेवारी, रविवार

जानकी आज लई चिडली. कुकर लावून ती शेजारी गेली होती, मला सांगून गेली की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी कुकरशेजारीच बसलो होतो, लॅपटॉप मांडीवर. एकही शिट्टी झाली नाही. डाळ करपली, घरभर धूर.

"अवो, ततंच बसलाव न् कावून बंद केला न्हाई?"

"शिट्टीच झाली नाही."

"मला आप्पारावच्या वट्यावर आयकू आल्या की!"

कुकरची शिट्टी तपासली, भोकात काही अडकलं असावं. साफ करून ठेवली. जानकीही हल्ली सारखी आवाज चढवूनच बोलते. इतकी वर्षं मऊ बोललेली बाई. वय झालं की स्वभाव बदलतो म्हणतात.

प्रविणचा फोन आला होता, पण पुण्यातली माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात. त्याला सांगितलं, तू लिहून पाठवत जा. लिहिलेलं बरं, पुन्हा वाचता येतं.

२ फेब्रुवारी, सोमवार

दोन्ही लायब्रऱ्या मिळाल्या. एक तयार मिळत होती. दुसरी, दाबलेला आवाज उलगडणारी, इतकी जुनी की तिचाही सोर्स कोड आणून तीच आधी बांधून घ्यावी लागली. तिच्या कर्त्याने कागदपत्रांत वर एक ओळ लिहून ठेवली आहे, की हे काम कुणाच्या उपयोगी पडलं तर मला आनंद होईल. कोण, कुठला, ठाऊक नाही. त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

मग जोडणीची ओळ लिहिली. सगळ्यांची नावं नीट, मानाप्रमाणे. जिच्यावर सगळ्यांचा भार ती जुनी लायब्ररी सगळ्यांत आधी. मग स्पीकरवाली. प्रविणचा प्रोग्राम म्हणजे पोरकं पोर, ते शेवटी.

मेक. एंटर.

तीच लाल अक्षरं. तीच नावं. आता मात्र राग आला. अरे, ती लायब्ररी तुझ्या डोळ्यांसमोर बसली आहे, ओळीत पहिली! हजर आहे आणि तू गैरहजेरी लावतोस?

आप्पाराव चहाला आला होता. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला, पण अजून माणसाकडे तिकीट मागितल्यासारखा बघतो. पडदा बघून म्हणाला, "काय बे गुरुजी, नापास का?"

"सगळी मंडळी हजर आहेत, तरी हा म्हणतो नाहीत."

"मंग मुकादम बदल. ह्यो मुकादम आंधळा हाय."

जानकी चहा ठेवता ठेवता मोठ्याने म्हणाली, "त्यास्नी म्हनावं येकदा बीडला चला, कान दावू." आप्पाराव माझ्याकडे बघून चहात बघायला लागला. जानकीला सगळ्यांना डॉक्टरकडे धाडायची हौस आहे. मागे आप्पारावच्या गुडघ्यासाठी असंच लागली होती.

५ फेब्रुवारी

प्रविणची खूण आली. एकच ओळ: "गुरुजी, पंगत आठवा."

दिवसभर पंगत आठवत बसलो. लिंबाखाली बाज टाकून पडलो होतो, सावली अंगावरून सरकत होती. डोळ्यांपुढे कितीतरी पंगती येऊन गेल्या. माझ्या लग्नातली. पत्रावळींचा हिरवा वास, पाणी शिंपडलेली जमीन, बुंदीची टोपली घेऊन पळणारे वाढपी. थोरामोठ्यांना आधी बसवतात. पहिल्या पंगतीला गावची जाणती माणसं. मी तेच तर केलं.

आणि उठूनच बसलो.

लायब्ररी जेवायला आलेलीच नाही! लायब्ररी वाढपी आहे. आणि हा लिंकर वाढप्याला पंगतीतून एकदाच फिरवतो, डावीकडून उजवीकडे. वाढपी आला तेव्हा पानावर कुणी बसलेलंच नसेल, तर तो टोपली घेऊन तसाच पुढे जातो, परत मागे येत नाही. मी मानाने वाढप्याला आधी पाठवलं आणि जेवणाऱ्याला मागून बसवलं. पोर पानावर बसून ओरडतंय, बुंदी, बुंदी, आणि बुंदी केव्हाच वाड्याबाहेर गेलेली.

मागणारा आधी. देणारा त्याच्यामागे. त्या देणाऱ्यालाही कुणाची गरज असेल, तर तो त्याच्याही मागे.

नावं फिरवली. प्रविणचं पोर पहिलं, मग स्पीकरवाली, आणि सगळ्यांचा भार वाहणारी म्हातारी लायब्ररी सगळ्यांत शेवटी. एंटर मारला. ओळी धावल्या. लाल काही नाही. पडदा शांतपणे पुढच्या हुकुमाची वाट बघत उभा.

जानकीला हाक मारून दाखवलं. "काय दिसतंय?" म्हणाली.

"काही नाही. तेच तर."

६ फेब्रुवारी

फार लवकर नाचलो. प्रोग्राम बांधला गेला, पण चालवायला गेलं की पहिल्याच पावलाला अडतो. म्हणतो, अमुक लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाईलच नाही. अरे, कालच तर तिला जोडून घेतलीस!

१० फेब्रुवारी, मंगळवार

लायब्ररी सापडली. जाग्यावरच आहे. मी ती माझ्या हाताने बांधली, म्हणून ती नेहमीच्या ठिकाणी न जाता दुसऱ्या एका कप्प्यात गेली आहे, हाताने बांधलेल्यांच्या वस्तीत. प्रोग्राम चालवताना यंत्र आपल्या नोंदीत बघतं, आणि त्या वस्तीतल्या नव्या बिऱ्हाडाची नोंद त्याच्याकडे नाही. फिरून एकदा नोंदी ताज्या करून घ्यायच्या, बस. त्याचा हुकूमही आहे, एलडीकॉन्फिग. प्रविणने या वेळी खूण दिली नाही, सरळ सांगितलं. मला वाटतं त्याला घाई झाली आहे.

हुकूम देण्याआधी मी मात्र थोडा थांबलो. एक जुना दिवस मधे आला होता.

एका हिवाळ्यात मी कडा गावी गेलो होतो, साखर कारखान्याकडे. आमची कोण कोण पोरं त्या बाजूला गेली आहेत ते बघायला. कारखान्याच्या मागे माळावर पाचटाच्या झोपड्या, कोप्याच कोप्या. धूर, बैलांच्या गळ्यातल्या घाटींचा आवाज, आणि सगळ्या हवेला मळीचा गोडसर कुबट वास. तिथे आमचा वर्ग पसरला होता. हा पाणी आणतोय, तो उसाचं वाढं बांधतोय. आमच्या हजेरीत गैरहजर. पण होते. सगळे होते.

शिवकन्या एका कोपीच्या तोंडाशी धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसली होती. मला बघून उठली. भावाला सावरत एका पायावर दुसरा पाय ठेवला. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "हजर."

मी तेव्हा हसलो होतो. काय करणार? तिच्या आईने मला गूळ दिला.

पुढच्या वर्षी ती शाळेत आलीच नाही.

११ फेब्रुवारी

आप्पारावला विचारलं, त्या शिवकन्येचं काय झालं पुढे?

"कोन, बायनाबाईची? दिली की पाटोद्याकडं. नवरा-बायकू ऊस तोडाया कोयत्यावर जात्यात. औंदा कुटं गेलेत देव जाने. बायनाबाई हाय हतंच, खालच्या आळीला. तिला तरी कुटं ठाव आसंल."

दरवर्षी जातात आणि दरवर्षी येतात. सिंदफणेसारखी. तिलाही आता वर्षातून थोडे दिवसच पाणी असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी हुकूम दिला. नोंदी ताज्या झाल्या. मग प्रोग्राम चालवला, आणि तो चालला!

पडद्यावर काळी चौकट उघडली, तीत हिरवे पट्टे, उभे, ज्वारीच्या ताटांसारखे. प्रविणने सांगितलं होतं, आवाज मोठा झाला की पट्टा उंच होतो. पट्टे हलले. आधी एकच पट्टा, नाजूक, एकटा वर-खाली. मग एकदम सगळे उसळले. मग पुन्हा एकटा. मग पुन्हा सगळे. म्हणजे शिवकन्या, मग वर्ग. शिवकन्या, मग वर्ग. मला चालही दिसत होती.

पण आवाज नाही.

आवाजाची खूण पार वरपर्यंत नेली. कान लॅपटॉपला लावला. खोल कुठेतरी घुर्र झाल्यासारखं वाटलं, पंखा असावा. बाकी शून्य.

मागे वळून बघतो तर जानकी स्वयंपाकघराच्या दारात. हाताला पीठ तसंच. ओठ हलत होते, डोळे भरलेले. चुलीचा धूर गेला असेल म्हणावं तर आता गॅस आहे. मी म्हणालो, "थांब, अजून झालं नाही. आवाजाचं काहीतरी राहिलंय." तिने तोंडाला पदर लावला. पीठ पदराला लागलं, तेही तिच्या ध्यानात नाही. नंतर जवळ येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. ती काहीतरी म्हणाली, पण यंत्राच्या नादात मी लक्ष दिलं नाही.

१८ फेब्रुवारी

शोध लागला! यंत्रात भजनाची एक फाईल आहे, ती लावून बघितली. पखवाज चांगला ऐकू येतो, धुम् धुम् छातीवर पडतो. टाळ मात्र गायब. बायांचे आवाज गायब. म्हणजे स्पीकर ठीक, यंत्र ठीक. फक्त उंच, बारीक आवाज तेवढे निघत नाहीत. पोरांचे आवाज बारीकच असतात. तेव्हा उंच आवाजाची लायब्ररी वेगळी असणार आणि तीच जोडायची राहिली.

प्रविणला लिहिलं: उंच आवाजाची लायब्ररी कोणती? तिचं नाव कळव.

दोन्ही निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे वाचलं. उत्तर नाही.

१९ फेब्रुवारी

प्रविणचं उत्तर आलं: "गुरुजी, अशी लायब्ररी नसते."

मग थोड्या वेळाने: "पट्टे हलतायत ना? मग आवाज येतोय."

मग: "काकूंना फोन करतो."

जानकी फोन घेऊन परसात गेली. परत आली तेव्हा फोनचा पडदा पदराने पुसत होती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सगळे माझी समजूत घालायला लागले आहेत.

आप्पाराव सकाळी वट्यावर बसून म्हणाला, "काय ग्वाड लावतूस रं सकाळच्या पारी. आमची बायकू जात्यावर बसावं तशी डुलती." मी म्हटलं, थट्टा कर, तुझं तोंड आहे. त्यावर तो हसला नाही. हेच जास्त लागलं. आप्पारावाने थट्टा करावी, दया करू नये.

जानकी तर माझ्या तोंडासमोर तोंड आणून एक-एक शब्द म्हणते, "येतोय वो. आवाज. येतोय." लहान पोराने मातीचा लाडू पुढे केला की आपण म्हणतो ना, वा, लई गोड, तसं. तिचं मन मला कळतं. मी एवढे दिवस खपलो, वाया गेलं असं मला वाटू नये, म्हणून.

आणि तिचे ओठ? तिला कविता पाठच आहे. मीच तिला कितीदा म्हणून दाखवली आहे.

मी पुन्हा सगळं पुसून पहिल्यापासून बांधलं. तीच जोडणी, तोच क्रम. पट्टे हलतात. श्वासाच्या जागी पट्टे किंचित उचलतात, पहिल्या ओळीच्या आधी. तिथे मी डोळे मिटून थांबतो.

३ मार्च

प्रविणचं लांबलचक लिहिलेलं आलं. फार जपून लिहिलं आहे, चुकीच्या उत्तरावर मी लाल रेघ न मारता बाजूला टिंब द्यायचो, तसं. "गुरुजी, तुम्ही केलेली जोडणी बरोबर आहे. माझ्याकडे मीही बांधून बघितली. तुमचा प्रोग्राम पास आहे. एकदा काकूंबरोबर बीडला जाऊन या. मी गाडी पाठवतो. मशीन लावलं की खूप फरक पडतो म्हणतात."

कसलं मशीन ते लिहिलं नाही. मी विचारलंही नाही.

आज शाळेवरून गेलो. मधल्या सुट्टीत पोरं मैदानावर होती. तोंडं उघडी, हात वर, पळापळ. मी कुंपणापाशी उभा राहिलो. कोंडलेल्या पाण्यातून बघावं तसं वाटलं. शिपाई घंटेवर टोले देत होता, त्याचा हात मला दिसला. घंटा बदलली आहे का, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

१२ मार्च, गुरुवार

ठरवलं. पाडव्याआधी हे सगळं पुसून टाकायचं. लॅपटॉप प्रविणला परत, सीडी पेटीत. जे ऐकू येत नाही ते उघडून रोज बघत बसणं बरं नव्हे. आणि लोकांना रोज खोटं गोड बोलायला लावणं त्याहून बरं नव्हे. जानकीला सांगितलं. ती मान खाली घालून लसूण सोलत राहिली.

एकदा शेवटचं लावीन. मग पुसीन.

१७ मार्च, मंगळवार

आज लावलं.

दुपार टळली होती. उकाडा फार, म्हणून दार सताड उघडं टाकलं होतं. जानकी बायनाबाईच्या आळीला पिठाच्या गिरणीवर गेली होती. घरात मी एकटा. लॅपटॉप टेबलावर, पडदा माझ्याकडे, त्याची पाठ दाराकडे. आवाजाची खूण शेवटपर्यंत नेली, नेहमीसारखी. काय फरक पडतो?

पट्टे किंचित उचलले. श्वास. मग एकटा पट्टा. मग सगळे. लिंबाची सावली उंबऱ्यावर आली होती. मला वाटलं, असंच असेल का शेवटी सगळं, हिरव्या ताटांचं शेत वाऱ्यात हलतंय आणि वारा मात्र नाही. बोट मी त्या पुसायच्या खुणेवर नेऊन ठेवलं होतं. कविता पुरी होऊ द्यावी, एवढंच.

उंबऱ्यावरची सावली हलली म्हणून मान वर केली.

दारात एक बाई. डोक्यावर गाठोडं, काखेत पत्र्याची पेटी, पायांना वितभर धूळ. रापलेली, नऊवारीचा काष्टा आवळलेला, दंडावर उसाच्या पाल्याचे ओरखडे. कारखान्याहून आलेली वाटली, आताच ट्रॅक्टरवरून उतरून खालच्या आळीला निघालेली. आमच्याकडे काय काम असावं? पाणी मागत असेल म्हणून उठणार होतो. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. लॅपटॉपच्या पाठीकडे बघत होती.

माझ्या पडद्यावर दुसरं कडवं संपलं. पट्टे सगळे खाली बसले.

त्याच क्षणी तिचे खांदे वर आले.

पट्टे किंचित उचलले. मग एकटा पट्टा वर गेला, आणि त्याच्या बरोबर तिचे ओठ. पट्टा खाली, ओठ मिटले. सगळे पट्टे उसळले तेव्हा ती थांबली, बाकीच्यांना म्हणू दिलं. पुन्हा एकटा पट्टा, पुन्हा तिचे ओठ. मी पडद्याकडे बघायचो, तिच्याकडे बघायचो. तिला पडदा दिसत नव्हता. दिसणं शक्यच नव्हतं.

तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मन राखायचं तिला काही कारण नव्हतं.

मी बोट उचललं.

कविता संपली. गाठोडं तिने सावकाश खाली ठेवलं, पेटी ठेवली. आणि धुळीने भरलेला एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभी राहिली.

"शिवकन्या?" मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

तिचे ओठ हलले. तीन अक्षरं. मला ती दिसली.